राजदूत ३५० चे दोन कार्बोरेटर

१९८३ साली भारतात आलेली राजदूत ३५० दोन सिलिंडरची, म्हणून कार्बोरेटरही दोन. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि उरलेला चिकट थर पायलट जेटचं बारीक भोक बुजवतो. मग गाडी आयडलिंगला टिकत नाही. जेटमध्ये तार किंवा पिन अजिबात घालू नका! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिक्श्चर बिघडलंच. कार्ब क्लीनर मारा, वर कॉम्प्रेसरची हवा.

खरं कौशल्य पुढे. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सावकाश पिळा. दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. नसतील तर केबलच्या अ‍ॅडजस्टरने जुळवा. मग ऑइल पंपाची खूणही तपासा, त्याची केबल याच अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली आहे. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.