आधी मान्यता, मग फी

आपण कापडवाले थान उलगडून, पोत पाहूनच पैसे मोजतो. मुलांच्या शिक्षणाची फी भरताना मात्र जाहिरातीवर विसंबतो. मीरा रोडच्या माझ्या नात्यातल्या एका मुलीने एका क्लासमधून वर्षभराचे ‘नर्सिंग’ केले. दवाखान्यात काम मिळाले, पण परिचारिका म्हणून नोंदणी होईना. क्लासला मान्यताच नव्हती. वर्षही गेले, पैसेही गेले.

बंधूंनो, नवे वर्ष लागले आहे. प्रवेश सुरू व्हायला काही महिने आहेत, तेवढ्यात हिशेब मांडा. जी.एन.एम. पदविका ३ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. डी.फार्म. २ वर्षांचे, वर ५०० तासांचे प्रात्यक्षिक. पुढे परिचारिकेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, फार्मासिस्टला राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी लागते. औषधाचे दुकान काढायचे झाले, तरी नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतोच.

म्हणून संस्थेकडे आधी मान्यतापत्र मागा, ते कौन्सिलच्या यादीशी ताडून पाहा. यादीत नाव नसेल, तर बयाणाही देऊ नका.