गस्त तिप्पट, चोऱ्या तेवढ्याच

पोलिसांची गाडी गल्लीबोळातून फिरत राहिली की चोर वचकून असतात, हे आपण धरूनच चालतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये ते चक्क तपासून पाहिलं. १५ बीटांपैकी, म्हणजे गस्तीच्या हद्दींपैकी, पाचांत नेहमीची गस्त बंद. बोलावणं आलं तरच गाडी जायची. पाचांत गस्त दुप्पट-तिप्पट, उरलेल्या पाचांत पूर्वीइतकीच. शेवटी घरफोड्या, वाहनचोऱ्या, लोकांची भीती, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण म्हणून पोलीस बिनकामाचे ठरत नाहीत. पुढे मिनिआपोलिसमध्ये गस्त मोजक्या कुप्रसिद्ध ठिकाणांवर एकवटली, तेव्हा तिथून येणारे गुन्ह्यांचे फोन कमी झाले. तेव्हा ‘गस्त वाढवली’ अशी घोषणा ऐकलीत, तर ‘नेमकी कुठे?’ असं जरूर विचारा.