पहिलं गिऱ्हाईक, पहिली पावती

माझं पहिलं सॉफ्टवेअर मी वाळवा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राला विकलं. लिटर, फॅट आणि एसएनएफ टाकलं की दर निघायचा, दहा दिवसांचं बिल छापून यायचं. किंमत विचारली तेव्हा मी अंदाजानं पाच हजार म्हणालो. सचिव आबांनी घासाघीस न करता नोटा मोजल्या, तेव्हाच कळलं की कमी सांगितली.

आठवड्याभरात पहाटे साडेपाचला फोन. "बाळा, बिल भलतंच दाखवतंय, रांग लागलीय. ये लवकर." गेलो. ओल्या हातानं 6.5 ऐवजी 65 फॅट टाकलं गेलं होतं आणि माझ्या प्रोग्रॅमनं ते बिनतक्रार घेतलं होतं. मर्यादा मी घालायला हवी होती. घरी बसून कोड तपासताना हे सुचलं नव्हतं. कॅनच्या रांगेत उभं राहिल्यावर दिसलं.

अशी धावपळही किमतीत धरायची असते. पुढच्या केंद्राला मी वार्षिक सेवेचा आकार वेगळा सांगितला आणि कागदावर लिहून घेतला. आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्काचं हस्तांतरण लेखीच लागतं. म्हणून पावतीवर 'सॉफ्टवेअर विकलं' असं मोघम न लिहिता 'वापरण्याचा परवाना दिला' असं स्पष्ट लिहा. तोच प्रोग्रॅम तुम्हाला शेजारच्या गावातही द्यायचा आहे.