वेब ॲप्लिकेशनचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी काय पाहावे?

दुकानाचा हिशेब वहीतून संगणकावर आला आणि संगणकावरून मोबाईलवर आला. आता गिऱ्हाईक घरबसल्या माल पाहतो, दर विचारतो आणि पैसेही भरतो. हे सारे ज्याच्या जोरावर चालते त्याला वेब ॲप्लिकेशन म्हणतात. ते तयार करण्याचे हुनर शिकण्यासाठी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची मुले-मुली कॉलेजात जात आहेत. धाराशिवात तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ हा ट्रेडही असतो. फी बाप भरतो. पण मूल नेमके काय शिकते हे पुष्कळदा त्याला कळत नाही. ते थोडक्यात समजून घेऊ.

पान वेगळे, ॲप्लिकेशन वेगळे

साधे वेब पान म्हणजे भिंतीवर लावलेले दरपत्रक. वाचले की काम संपले. ॲप्लिकेशन म्हणजे गादीवर बसलेला हुशार गुमास्ता. तो विचारले ते दाखवतो, मापाप्रमाणे हिशेब करतो, शिल्लक माल पाहून होकार किंवा नकार देतो.

त्याचे दोन भाग असतात. समोरचा भाग गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चालतो. त्यात एचटीएमएल हा सांगाडा, सीएसएस हे रंगरूप आणि जावास्क्रिप्ट ही हालचाल. मागचा भाग दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतो. तेथे डेटाबेस असतो. तेच आपले गोदाम आणि तीच आपली खतावणी.

पूर्वी लहानसा प्रश्न विचारला तरी सगळे पान नव्याने मागवावे लागे. गिऱ्हाइकाने फक्त दुसरा रंग मागावा आणि नोकराने सगळी थाने उचलून पुन्हा मांडावीत, तसा तो प्रकार होता. पुढे जावास्क्रिप्ट पान तसेच ठेवून हवा तेवढाच मजकूर मागवू लागली. २००४ साली आलेल्या जीमेलने आणि २००५ च्या गूगल मॅप्सने ही पद्धत जगभर पोचवली.

अवजार जाते, हुनर राहते

एके काळी हलती चित्रे, खेळ आणि आकर्षक पाने बनवायची तर ‘फ्लॅश’ शिका, असे सांगितले जाई. त्यासाठी ब्राउझरला वेगळा जोड बसवावा लागे. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. मायक्रोसॉफ्टचे ‘सिल्व्हरलाइट’ ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाले. मात्र १९९० च्या दशकात आलेली एचटीएमएल व सीएसएस आणि १९९५ ची जावास्क्रिप्ट आजही चालू आहेत.

फ्लॅशमधली ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा जावास्क्रिप्टच्याच घराण्यातली होती. ज्यांनी भाषा समजून घेतली होती, त्यांना नव्या कामाकडे वळणे सोपे गेले. ज्यांना फक्त बटणे ठाऊक होती, त्यांची पंचाईत झाली. ज्याला ताना-बाना आणि सुताचा काउंट कळतो तो कोणत्याही मागावर उभा राहतो. ज्याला एकाच मागाच्या कळा ठाऊक आहेत तो माग भंगारात गेला की घरी बसतो. आज रिॲक्ट, अँग्युलर यांचा बोलबाला आहे. ती अवजारे जरूर शिकावीत, पण पाया पक्का झाल्यावर.

कापडाच्या बिलाचे उदाहरण

तयार कपड्यांवर १००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. ज्या विद्यार्थ्याने बिलाच्या ॲप्लिकेशनमध्ये हे आकडे जागोजागी लिहून ठेवले, त्याला सगळे काम उसवावे लागणार. ज्याने दर आणि त्याची लागू तारीख डेटाबेसमध्ये वेगळी ठेवली, त्याला एक नोंद वाढवली की पुरे. जुने बिल जुन्या दराने आणि नवे नव्या दराने निघेल.

दुसरी गोष्ट विश्वासाची. समोरचा भाग गिऱ्हाइकाच्या हातात असतो. जाणकार माणूस त्यातली किंमत बदलून पाठवू शकतो. म्हणून किंमत, सवलत आणि शिल्लक यांचा पडताळा सर्व्हरवर पुन्हा झालाच पाहिजे. गिऱ्हाइकाने सांगितलेला दर कोणताही दुकानदार तसाच वहीत लिहीत नाही, त्यातलाच हा प्रकार. हे ज्याला शिकवलेले नाही, त्याच्या हाती गल्ला देणे धोक्याचे.

तिसरी गोष्ट भाषेची. युनिकोडमुळे मराठी आणि उर्दू एकाच पानावर येतात. उर्दू मजकुराची दिशा उजवीकडून डावीकडे आहे एवढे एचटीएमएलमध्ये सांगावे लागते. आपल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत बिल आणि यादी देता येणे ही व्यापारात लहान सोय नव्हे.

पालकांनी काय विचारावे?

प्रवेश घेताना इमारत पाहण्याआधी प्रयोगशाळा पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास संगणक मिळतो, डेटाबेस प्रत्यक्ष हाताळायला मिळतो का, आणि मागील वर्षाच्या मुलांनी केलेले चालते काम पाहायला मिळेल का, हे विचारावे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारात तयार विकत मिळतो आणि आता एआयही भराभर प्रोग्रॅम लिहून देते. म्हणून मुलाला समोर बसवावे आणि म्हणावे, “ही ओळ कशासाठी? ही काढली तर काय होईल?” उत्तर आले तर तालीम झाली. न आले तर हाती फक्त कागद आला.

घरची ऐपत कमी असेल त्यांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करावी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये काही धडे मराठीतही आहेत.

आणि एक काम आपणच करू शकतो. पहिला प्रोजेक्ट म्हणून मुला-मुलींना आपल्याच धंद्यातले काम द्यावे : उधारीची नोंद, थानांचा शिल्लक साठा, शिंप्याकडे दिलेल्या मापांची यादी. चूक निघाली तर ती घरातच कळेल आणि घरातच दुरुस्त होईल. दुकानात महिनाभर बिनचूक चाललेले काम मूल नोकरीच्या मुलाखतीत उघडून दाखवू शकते. गुणपत्रिकेपेक्षा त्याचे वजन जास्त पडेल.