पाखरांचा अभ्यास कोणी करावयाचा?

गेल्या उन्हाळ्यात तिसवाडीतील एका खाजनकाठच्या गावचा एक तरुण आमच्या कचेरीत आला. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, हाती दोन जाडजूड वह्या. सलग दोन वर्षे, आठवड्यातून एकदा, गावच्या मानशीवर पहाटे उभे राहून मोजलेल्या पाखरांची टिपणे त्यांत होती. भरती केव्हा लागली, मानशीची दारे उघडी होती की बंद, तुतवार किती, पाणकावळे किती, बगळे किती. आम्ही पक्षिशास्त्राचे जाणकार नव्हे; परंतु कोणी न सांगता असे काम करणारा मुलगा हे कोणत्याही विद्यापीठाने अभिमानाने जपावे असे धन आहे, एवढे कळण्यास शास्त्र शिकावे लागत नाही. त्याचे गाऱ्हाणे निराळेच होते. परराज्यातील एका संस्थेने त्यास सहा महिने उमेदवारीस बोलाविले होते. विद्यावेतन नव्हते, उलट निवास-भोजनाचा खर्च त्यानेच सोसावयाचा होता. वडील फेरीबोटीवर नोकरीस. घरी पाठची दोन भावंडे. आज तो मुलगा एका औषधांच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मानशीवरची मोजणी थांबली.

अशा वेळी डॉ. सलीम अली यांचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकण्याची आपल्याकडे रीत आहे. निष्ठा असली की मार्ग सापडतो, असे त्यांना ऐकविले जाते. ते उदाहरण नीट पाहावयास हवे. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पुढे ते बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकावयास गेले आणि १९३० मध्ये परतले, तो ती जागाच रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरीकडेही दार उघडेना. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम या गावी जाऊन राहिले आणि घराजवळच्या झाडांवर लोंबकळणाऱ्या सुगरणीच्या घरट्यांकडे पाहत बसले. त्या बेकारीतून जो निबंध निघाला, त्याने या पाखराच्या संसाराचे कोडे उलगडले. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर ती तेथे संसार मांडते आणि नर ते पुरे करून दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. (घर बांधतो नर आणि आपल्या भाषेने नाव दिले ‘सुगरण’, याची आम्हांस नेहमीच गंमत वाटत आली आहे.) पुढे निजामाच्या हैदराबादेत आणि त्रावणकोर-कोचीनमध्ये पक्ष्यांची पाहणी करताना त्यांनी खर्चापुरते घेऊन स्वतःची सेवा विनामोबदला दिली. ते थोरच होते. परंतु पाठीशी घर होते, समजूतदार पत्नी होती, म्हणून हे साधले. एका असामान्य माणसाचा त्याग हा संस्थांनी नियम करून टाकला, तर पक्षिशास्त्र खात्यापित्या घरच्या मुलांचा छंद होऊन बसेल, आणि जो मुलगा ओहोटीची वेळ पंचांग न पाहता सांगू शकतो, तो त्यातून नेमका वगळला जाईल.

संधी मुळीच नाहीत असे नव्हे. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याचे मोठे काम तिने उभे केले आणि कित्येक विद्यार्थी तिच्या आश्रयाने पदव्युत्तर संशोधन करून बाहेर पडले. कोइमतूरजवळ अनैकट्टी येथे १९९० पासून सलीम अलींच्या नावाचे केंद्र आहे. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. बेंगळुरूला वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती देत आल्या आहेत, तीत प्रवासखर्चही मिळतो. मात्र त्यासाठीचे अर्ज आधीच्या वर्षअखेरीस भरावयाचे असतात आणि आमच्या महाविद्यालयांतील किती प्राध्यापक ते वेळेवर फळ्यावर लावतात, हे त्यांचे त्यांनीच सांगावे.

आणि ज्याला घर सोडणे शक्य नाही, त्यालाही काम आहे. २०२३ मध्ये देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतील बहुतेक निरीक्षक कोणत्याही संस्थेचे पगारी नोकर नव्हेत. ९४२ जातींचा त्यात विचार झाला आणि १७८ जातींच्या रक्षणाकडे तातडीने पाहावे असे निघाले. विजयादशमीस ज्याचे दर्शन शुभ मानतो, तो नीलकंठ म्हणजे चाष. तोही घटत चालला आहे व त्याच्या धोक्याची पातळी पुन्हा तपासावी, असे या अहवालाने सुचविले. उलट ज्या चिमणीसाठी आपण दरवर्षी गळा काढतो, तिची संख्या मोठी शहरे वगळता देशात एकंदरीत टिकून असल्याचे २०२० च्या अहवालात दिसले होते. मोजल्यावाचून रडणे आणि मोजल्यावाचून निश्चिंत राहणे, दोन्ही सारखेच. फेब्रुवारीत महाविद्यालयांच्या आवारांत चार दिवस पक्षिगणना होते, तीस लागते काय? एक वही आणि मिळाली तर एक दुर्बीण.

गोव्यापुरते बोलावयाचे तर काम डोंगराएवढे आहे. ग्रुभ आणि सलीम अली यांची गोव्याच्या पक्ष्यांची सूची १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. हाइन्झ लाइनर यांचा संदर्भग्रंथ २००४ मध्ये आला. कोणता पक्षी येथे दिसतो, हे आता बरेचसे ठाऊक आहे. तो येथे काय खातो, कोठे वीण घालतो, पिले किती जगतात, याची उत्तरे वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्यालाच मिळतात. मोठ्या प्रकल्पांसाठी जो पर्यावरण-अहवाल लागतो, त्यातील पाहणी बहुधा एकाच ऋतूची असते, तीही पावसाळा टाळून केलेली. आणि अडई, कमळपक्षी, सुगरण, पाणकोंबडी यांची वीण तर पावसाळ्यातच! जानेवारीत करमळीच्या तळ्यावर आलेल्या तज्ज्ञास बदके दिसतील, घरटी दिसणार नाहीत. आणि जे अहवालात नाही ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. जुलैच्या पावसात छत्री घेऊन बांधावर उभा राहील तो गावचाच मुलगा किंवा मुलगी. कुडचडे येथील नंदा तळ्यास २०२२ मध्ये रामसर यादीत गोव्याचे पहिले स्थान मिळाले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या तळ्याची दर आठवड्याची मोजणी करणारा एक पगारी विद्यार्थी नेमावा, हे त्या टाळ्यांपेक्षा स्वस्त आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. वनखाते आणि गोवा विद्यापीठ यांनी मिळून दरवर्षी दहा विद्यार्थी निवडावेत: चोडणच्या कांदळवनात, करमळीस, नंदा तळ्यावर, खाजनांत आणि म्हादईच्या रानांत. प्रत्येकास दरमहा पंधरा हजार रुपये द्यावेत. निवडताना इंग्रजी संभाषणापेक्षा टिपणवही पाहावी, आणि टिपणे मराठीत वा कोंकणीत असली तरी चालावीत. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’नंतर पाखरांना आपल्या भाषेत नावे नाहीत ही सबब उरलेली नाही. पक्ष्यांना पकडणे, कडी घालणे हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवान्यावाचून करता येत नाही, तेव्हा ते परवाने वेळेवर देण्याची जबाबदारीही खात्यानेच घ्यावी. परवान्याची वाट पाहण्यात विणीचा हंगाम निघून जातो. एकूण खर्च वर्षाला अठरा लाख रुपये. किनाऱ्यावरच्या एखाद्या उत्सवाच्या रोषणाईस किती लागतात, हे अर्थखात्यास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

त्या तरुणाच्या दोन वह्या अद्याप आमच्या कचेरीत आहेत. विद्यापीठातील कोणा अध्यापकास त्या पाहावयाच्या असतील, तर त्याने कळवावे. मुलाची परवानगी आम्ही घेतली आहे.