दोन मिनिटांचे गाणे, जन्मभराचे वेड

मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ महोत्सवात ‘ग्रीन डे’ हा अमेरिकी बँड प्रथमच भारतात वाजला. बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट आणि ट्रे कूल हे तिघेही १९७२ सालचे. म्हणजे पन्नाशी ओलांडलेले. त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम १९९४ मध्ये आला, तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला श्रोता आज शेचाळिशी पार करून बसला आहे. पौगंडावस्थेतील धुसफूस, कंटाळा आणि फसलेली प्रेमे यांवर पोसलेले हे संगीत माणसाला प्रौढपणीही का सोडवत नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

पॉप-पंक म्हणजे ढोबळमानाने पंकचा वेग आणि गोंगाट, त्यावर पॉपची गुणगुणता येईल अशी चाल. त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या बँडमध्ये सापडते. क्वीन्स भागातील चार तरुणांनी १९७४ मध्ये तो स्थापन केला आणि एकमेकांचे नातलग नसतानाही चौघांनी ‘रमोन’ हेच आडनाव लावले. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि ती सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. लांबलचक गिटारवादनाची मिजास मिरवणाऱ्या तत्कालीन रॉकला दिलेले ते रोखठोक उत्तर होते.

षड्ज-पंचमाचा खेळ

या गाण्यांची रचना आपल्या कानांना समजावून सांगणे अवघड नाही. पंक गिटारवादक बहुधा ‘पॉवर कॉर्ड’ वाजवतो. त्यात मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच असते. तंबोऱ्यावर घुमणारी हीच जोडी. गाण्याचा भाव प्रसन्न की उदास, हे ठरवणारा गंधार त्यात वगळलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात गंधार मिसळला की स्वर गढूळ होतो. सा आणि प मात्र ठणठणीत राहतात. बोटांची एकच ठेवण गिटारच्या दांडीवर मागेपुढे सरकवली की गाणे उभे राहते. गिटारने वगळलेला गंधार गायकाचा गळा परत आणतो. भिंतीसारखा गोंगाट आणि त्यावर कोवळी चाल, असा हा जोड आहे. शिवाय ते ऐकणाऱ्याला ‘हे मलाही जमेल’ असे वाटते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते.

चाळिशीनंतर आठवणी सांगायला बसलेल्या माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक येतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. तेव्हा ही सारी स्मरणरंजनाची किमया, असे म्हणून हात झटकता येतील. पण जॉन पील यांचे उदाहरण या स्पष्टीकरणाला पुरून उरते.

पील यांचे आवडते गाणे

पील हे बीबीसी रेडिओ वनचे ख्यातनाम निवेदक. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराच्या ‘द अंडरटोन्स’ या नवख्या बँडचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे त्यांच्या हाती आले. डेरीच्या रस्त्यांवर तेव्हा सैनिक होते, हिंसाचार नित्याचा होता. ही मुले मात्र गात होती शेजारच्या मुलीविषयीच्या ओढीबद्दल. त्या धामधुमीत साधे तारुण्य जगण्याचा हट्ट हीदेखील एक बंडखोरीच होती. पील यांनी हे गाणे आपल्या कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले आणि हयातभर ते आपले सर्वांत आवडते गाणे असल्याचे सांगितले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांच्या कबरीवरील शिळेवर याच गाण्यातील शब्द कोरलेले आहेत. हे गाणे प्रथम ऐकले तेव्हा पील एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांचे हे प्रेम केवळ शाळकरी आठवणींवर पोसलेले नव्हते.

रुसवा आणि परतणे

प्रेम म्हटले की विश्वासघाताचा आरोपही आलाच. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९८६ च्या अखेरच्या दिवशी ‘९२४ गिलमन स्ट्रीट’ हा स्वयंसेवकांनी चालवलेला कार्यक्रम-अड्डा सुरू झाला. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बँडना तेथे मज्जाव होता. तेथेच घडलेल्या ‘ग्रीन डे’ने १९९३ मध्ये अशा कंपनीशी करार केला आणि त्यांना घरचेच दार बंद झाले. ‘डूकी’च्या लाखो प्रती खपल्या, पण जुन्या सोबत्यांच्या लेखी ते विकले गेले होते. मे २०१५ मध्ये, आगीत नुकसान सोसलेल्या एका प्रकाशन संस्थेच्या मदतीसाठी, ते पुन्हा गिलमनमध्ये वाजले. रुसवा ओसरायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

‘ब्लिंक-१८२’ची कथा अधिक हळवी आहे. वात्रट विनोदासाठी प्रसिद्ध असलेले हे त्रिकूट दोनदा फुटले. २०२१ मध्ये बासवादक मार्क हॉपस यांना कर्करोगाने गाठले आणि दुरावलेला मित्र टॉम डिलाँग पुन्हा जवळ आला. हॉपस बरे झाले. २०२२ मध्ये तिघे एकत्र आले आणि २०२३ मध्ये ‘वन मोअर टाइम’ हा अल्बम आला. मोठे व्हायला नकार देणाऱ्या गाण्यांतून ज्यांनी नाव कमावले, तेच आता आजारपण, अबोला आणि उरलेल्या वेळाविषयी गात होते.

चाहत्यांच्या निष्ठेचे रहस्य बहुधा येथेच असावे. पंधराव्या वर्षी वाटणारी भीती, आपण कुठेच बसत नाही ही भावना, पन्नाशीत नाहीशी होत नाही. तिची कारणे तेवढी बदलतात. त्या भीतीला लाज न बाळगता मोठ्याने ओरडण्याची मुभा हे दोन मिनिटांचे गाणे देते. आणि ओरडताना चाल सुटत नाही, हे विशेष.