इंग्रजी हवे, पण कोणते?

पेण-रोह्याकडच्या, हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एकच वाक्य मी पुनःपुन्हा ऐकतो : ‘काम येईल हो, इंग्रजीचे काय?’ कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला येणाऱ्या, अलिबागच्या रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांशी उद्या यांचीच गाठ पडायची आहे.

हॉटेलात मुख्य खाती चार : फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस. बोलायला बिचकणारा मुलगा आपणहून किचनकडे वळतो. हाताला चव आहे म्हणून नव्हे, तोंड उघडायला नको म्हणून! माझा आक्षेप आहे तो याला. शिवाय तिथेही ऑर्डरची चिठ्ठी, केओटी, बहुधा इंग्रजीतच येते. पळून जाणार कुठे?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे या मुलांनी बारा वर्षे ही भाषा शिकली, निबंध पाठ केले, गाळलेल्या जागा भरल्या. पण ‘खोली तयार व्हायला दहा मिनिटे लागतील, तोवर आपण बसावे’ एवढे वाक्य त्यांच्याकडून कुणी मोठ्याने बोलून घेतले नाही. काउंटरवर लागते ते हेच इंग्रजी. थोडके, नम्र आणि रोज तोंडी घोटलेले.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांनीच ‘मेघदूत’ मराठीत आणले. इंग्रजी या मातीला परकी नाही. मुलांना ती चुकत चुकत बोलू द्या, हसू मात्र नका.